बर्फाचे खाडे

रविवार, रात्री साडेदहा. नौपाडा.

सकाळी दहाला लाईट गेली ती पावणेचारला आली. तोवर फ्रीजरमधला बर्फ सुटला आणि विटेएवढा एक तुकडा धपकन खालच्या परातीत पडला. फ्रीज जुना, सिंगल डोअर. डीफ्रॉस्ट करायचं मी जानेवारीपासून पुढे ढकलत होते, आज ते आपोआपच झालं. तुकड्याच्या मधोमध एक हिरवा वाटाणा अडकला होता. आई चष्मा न लावताच म्हणाली, "हा फेब्रुवारीतला. मग कुठे आणले आपण वाटाणे?"

म्हणजे वाटाण्याच्या आतल्या बाजूचा बर्फ फेब्रुवारीच्या आधीचा, बाहेरचा नंतरचा. मला हसूच आलं, कारण उद्या नववीला मी हेच सांगणार आहे. ध्रुवांवरच्या बर्फाचं वय लावणारेही असेच वाटाणे शोधतात. 1815 मध्ये तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याचं सल्फेट ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका दोन्हीकडच्या बर्फात सापडतं. तो थर हाती आला की तारीख पक्की.

तारीख लागते हो, पण तापमान? वर्गात मी आजवर "बर्फावरून पूर्वीचं तापमान कळतं" एवढं एकच वाक्य सांगून पुढे जात आले. कसं कळतं हे कुणी विचारलं नाही, हे माझं नशीब. आज लाईट नव्हती म्हणून गॅलरीत बसून नीट वाचलं.

1952 मध्ये कोपनहेगनच्या विली डान्सगार्डने घराच्या बागेत बिअरच्या बाटलीत नरसाळं खोचून पावसाचं पाणी जमवलं. पाण्यात नेहमीच्या ऑक्सिजनसोबत थोडा जड ऑक्सिजन असतो, साधारण 500 अणूंमागे 1. जड पाणी वाफ व्हायला कुरकुरतं आणि गारवा मिळाला की आधी खाली उतरतं. ढग ध्रुवाकडे जाताना वाटेतच ते गाळत जातो. हवा जितकी थंड, तितका ध्रुवावर पडणाऱ्या हिमात जड ऑक्सिजन कमी. झाला थर्मामीटर! एका बाटलीवरून माणूस कुठवर पोचला बघा. आता अंटार्क्टिकातल्या डोम सीच्या बर्फातून 8 लाख वर्षांची नोंद मिळाली आहे.

आपल्याकडे वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकाहून आणलेला बर्फ उणे 20 अंशांत ठेवतात. त्यांची लाईट गेली तर काय करत असतील, हा प्रश्न आज दिवसभर डोक्यात होता.

खरी गंमत मात्र पुढे आहे. हा थर्मामीटर चुकतो. ग्रीनलँडच्या माथ्यावर जड ऑक्सिजन आणि तापमान यांच्या आजच्या हिशोबाने आकडा लावला तर 21,000 वर्षांपूर्वीची, म्हणजे हिमयुगातली थंडी आजपेक्षा 10 अंशांच्या आसपास जास्त निघत होती. मग बर्फात खोदलेल्या भोकात तापमापक सोडला. एवढ्या जाड बर्फात जुनी थंडी हजारो वर्षं मुरून राहते. तिच्यावरून गणित केलं तर फरक 20 अंशांच्या पुढे गेला. दुप्पट!

मी हे वाचत होते तेव्हा आई कॅलेंडरवर दुधाचा हिशोब करत बसली होती. दूध आलं नाही त्या दिवशी तारखेवर फुली. "किती खाडे झाले गं?" तिने विचारलं आणि माझी ट्यूब पेटली. हिमयुगात ग्रीनलँडच्या हिमाने हिवाळ्यात खाडे केले होते! समुद्र गोठून पसरला, थंडीत बाष्प तिथवर पोचेना. बर्फात उरलं ते बरंचसं उन्हाळ्यातलं हिम, आणि आपण त्यावरून अख्ख्या वर्षाची थंडी मोजायला बसलो. हवामानाच्या संगणकी मॉडेलमध्ये जड पाणीही घालून बघितलं तेव्हा हे खाडे दिसले. नुसत्या बर्फात ते दिसणार कसे? जे पडलंच नाही त्याचा थर कुठून येणार?

अंटार्क्टिकाचं उलट. 2021 मध्ये भोकांतलं तापमान आणि वरच्या अर्धवट घट्ट झालेल्या हिमाचे गुण धरून पुन्हा हिशोब मांडला. पूर्व भागात जड ऑक्सिजनवरून 9 अंश थंडी म्हणत होते, ती 4 ते 7 अंशच निघाली. पश्चिमेला सुमारे 10. बर्फाची उंची बदलली होती हे धरलं की मॉडेलही याच्याशी जुळतात. मॉडेल म्हणजे खुर्चीत बसून केलेला अंदाज, असं मी स्टाफरूममध्ये दोनदा तरी म्हटलंय. उद्या गप्प बसेन.

संध्याकाळी पाऊस कोसळला. मी हौसेने गॅलरीत नरसाळं लावून बाटली ठेवली. नंतर वाचलं की आपल्याकडच्या पावसात जड ऑक्सिजनचा तापमानाशी फारसा मेळ बसत नाही. पाऊस जोरात पडला की त्यातला जड ऑक्सिजन कमी होतो. म्हणजे माझी बाटली पाऊस किती पडला ते सांगेल, किती उकडलं ते नाही. तेवढं तर आईचा घाम सांगतो.

परातीतलं पाणी तुळशीला घातलं. वाटाणा आईने फेकू दिला नाही, उद्याच्या पुलावात जाणार. दूधवाल्याने चिठ्ठीवर तीसच्या तीस दिवस लावलेत, कॅलेंडरवर तीन फुल्या आहेत. सकाळी दार मीच उघडणार आहे.