लोणारचा नंबर कितवा?

मेहकरहून सुलतानपूरमार्गे लोणारला येताना दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन आणि सपाट रान. इथे काही बघण्यासारखं असेल असं वाटतच नाही, आणि एकाएकी पायाखालची जमीनच संपते. समोर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं गोल विवर, तळाशी हिरवट पाणी, उतारावर दाट झाडी.

शेजारी उभे असलेले आजोबा नातवाला सांगत होते, "बघ, जगात तिसऱ्या नंबरचं आहे हे!" पुढे हेच वाक्य गाइडकडून ऐकलं, चहाच्या टपरीवरही ऐकलं. नंबर काही खरा नाही. जगात उल्कापाताची दोनशेच्या आसपास विवरं सिद्ध झाली आहेत, आणि त्यांतलं दक्षिण आफ्रिकेतलं फ्रेडफोर्ट किंवा मेक्सिकोतलं चिक्शुलूब यांच्यापुढे लोणार फारच लहान. बेसॉल्टमधलं, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या काळ्या खडकातलं, एकमेव म्हणावं, तर तशी ब्राझीलमध्येही आहेत. पण आजोबांचा आवाज अभिमानाने भरून आला होता आणि तो मला मनापासून भावला. आपल्या मुलखातलं काहीतरी जगात नंबरात यावं, असं कुणाला वाटत नाही?

ही ओढ जुनीच आहे. एवढा खड्डा उगाच कसा पडेल, म्हणून लोकांनी लवणासुराची कथा रचली. या विवरात राहणाऱ्या असुराला विष्णूने मारलं आणि दैत्यसूदन नाव घेतलं. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच कथेवर उभं आहे. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम बघताना वेळेचं भान राहत नाही. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हाही चमत्काराची चर्चा आधी झाली. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले, तेव्हा तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला.

खाली उतरताना गाइडने पाण्यात हळदीची चिमूट टाकली. पिवळी हळद बघता बघता लालसर झाली, इतकं पाणी अल्कधर्मी आहे. वाटेतला एक काळा दगड उचलून बराच वेळ न्याहाळला. हे विवर ज्वालामुखीचं, असं कितीतरी वर्षं मानलं जायचं. मग इथल्या खडकात मास्केलिनाइट सापडलं. उल्का आदळण्याच्या प्रचंड दाबाने खनिजाची न वितळताच झालेली ही काच. ते संशोधन १९७३ साली प्रसिद्ध झालं आणि वादाचा निकाल लागला. ही काच नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण एका क्षणात दगडाचं असं काही होऊ शकतं, हे कळल्यावर माझ्या अंगावर काटा आला. चंद्रावरच्या काळसर मैदानांतली विवरंही बेसॉल्टमधलीच, म्हणून तिकडचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ बुलढाण्याच्या या गावात येतात. फलकावर हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवं.

जाणार असाल तर सकाळी लवकर उतरा, ऊन चढलं की परतीची चढण जीव काढते. गावातलाच गाइड घ्या. तिसरा नंबर ऐकून घ्या आणि मग त्याला त्या काचेबद्दल नक्की विचारा.