कॉर्मनचे खांदे

रविवार, रात्री उशिरा

आज पुन्हा ते डेंटिस्टचं स्किट बघितलं. 'द कॅरल बर्नेट शो' हा अमेरिकन टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम, सीबीएस वाहिनी, १९६९. टिम कॉनवे नुकताच पास झालेला डेंटिस्ट, हार्वी कॉर्मन दाढ ठणकणारा पेशंट. बधिर करायची सुई कॉनवे स्वतःच्याच हातात टोचून घेतो. हात लुळा पडून लोंबायला लागतो. चेहऱ्यावर 'काही झालंच नाही'चा आव, आणि घाई तर अजिबात नाही. थोड्या वेळानं सुई मांडीत घुसते, पायही जातो.

या खेपेला नजर मुद्दाम फक्त कॉर्मनवर ठेवली. खुर्चीत अडकलेला, पळायला जागा नाही. आधी ओठ आवळतो, मग मान वळवतो, शेवटी हात तोंडावर. दाढ दुखतेय म्हणून हात गेला असं समजू, पण ते खांदे गदगदतायत त्याचं काय! हसून हसून त्याची पँट ओली झाली होती, असं कॉनवे पुढे मुलाखतींत सांगायचा. मीठमसाला किती, देव जाणे.

त्या शोचं चित्रीकरण प्रेक्षकांसमोर दोनदा व्हायचं. पहिल्यांदा कॉनवे संहितेबरहुकूम गुमान काम करायचा. ते नीट हाती लागलं की दुसऱ्या खेपेला गडी मोकाट. आपले नाटकवाले याला ॲडिशन घेणं म्हणतात, आणि समोरच्या नटाची त्यात काय गत होते तेही त्यांना विचारावं. कॉर्मनला संहिता पाठ, पण पुढच्या क्षणी काय येईल याचा पत्ता नाही.

हल्ली विनोदी कार्यक्रमांत पंच पडायच्या आधीच सहकलाकार खिदळतात. मला त्याचा वीट आलाय. कॉर्मन मनापासून हसू दाबतो, हरायचं नाही म्हणून झगडतो. आणि कॉनवे इतका दुष्ट, की गडी ढिला पडतोय दिसलं की आणखी सावकाश होतो. स्टुडिओभर प्रेक्षक बसलेत, हा मात्र एकाच माणसासाठी खेळतोय.

१९७५ पर्यंत कॉनवे तिथे नुसता पाहुणा होता, हेही नवलच. पुढे म्हातारपणी दोघं रंगमंचावरचे दौरेसुद्धा एकत्र करत होते.

नंतर कॉनवेचा तो पांढऱ्या केसांचा म्हातारा लावला. पाय घासत नुसता चालतो, बाकी काही नाही. कॉर्मन तेवढ्यावरच गारद.