साडेआठ तासांच्या अंतरावरचे गाव

साओ रोके दे मिनास येथे राहायला येऊन मला सव्वा वर्ष झाले. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात, बेलो होरिझोन्ते या राजधानीपासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर, कनास्त्रा डोंगराच्या कुशीत हे गाव वसलेले असून त्याची लोकवस्ती 7 हजारांच्या आसपास आहे. कनास्त्रा म्हणजे पेटारा, आणि लांबून पाहिले की तो सपाट माथ्याचा डोंगर खरोखरच झाकण लावून ठेवलेल्या पेटाऱ्यासारखा दिसतो. साओ फ्रान्सिस्को नदीचा उगम आणि तिचा 186 मीटर उंचीचा कास्का दान्ता धबधबा पाहायला येथे पर्यटक येतात. मी मात्र पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम घेऊन आले. परदेशी कंपनीसाठी घरून काम करणाऱ्यांकरिता ब्राझीलने 2022 मध्ये जो वेगळा व्हिसा सुरू केला, त्यासाठी दरमहा 1,500 डॉलरचे उत्पन्न किंवा 18,000 डॉलरची शिल्लक दाखवावी लागते. तो एक वर्षाचा असतो आणि वाढवून मिळतो.

कागदपत्रांपेक्षा मला घड्याळाने अधिक दमवले. भारत येथून साडेआठ तास पुढे आहे, म्हणजे पुण्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा येथे मध्यरात्रीचे साडेबारा झालेले असतात. पहिले चार महिने मी रात्री साडेबारा ते सकाळी साडेनऊ काम केले आणि गाव जागे असताना खिडक्या लावून झोपले. काम उत्तम चालले होते आणि पगार वेळेवर जमा होत होता, पण वाणी आणि घरमालकीणबाई सोडल्या तर गावातला एकही माणूस मला ओळखत नव्हता.

येथे सरकारी आरोग्य केंद्राचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन प्रत्येक कुटुंबाची नोंद ठेवतात. 1988 च्या राज्यघटनेने उभी केलेली ही सार्वजनिक आरोग्यसेवा, जिला सगळे ‘सूस’ म्हणतात, परदेशी रहिवाशांनाही मोफत मिळते. आमच्या गल्लीतल्या कार्यकर्तीने माझे दार तीनदा वाजवले आणि तिन्ही वेळा मी गाढ झोपेत होते. शेवटी तिने पलीकडच्या घरी चौकशी केली. तेथल्या आजी, ज्यांना मी येथल्या रीतीने ‘दोना’ म्हणते, त्या संध्याकाळी सूपचे पातेले घेऊन आल्या. दिवसभर खिडकी न उघडणारी मुलगी अंथरुणाला खिळली असणार, अशी त्यांची खात्री झाली होती. ते पातेले हातात घेताना मला फार अपराधी वाटले.

त्याच आठवड्यात मी पुण्यातल्या सहकाऱ्यांशी बोलले. त्यांनी रोजची बैठक पुण्यातल्या दुपारी दोनवर आणली, आणि तेव्हापासून मी येथे पहाटे पाचला कामाला बसते व दुपारी दोनला उठते. त्यांनी दाखवलेला हा समंजसपणा मी विसरणार नाही. खेड्यात शांतता मिळते म्हणून तेथून काम करावे, असे पुष्कळांना वाटते. माझा अनुभव असा की खेडे सतत हाका मारत असते, आणि त्या हाकांना ओ देण्यासाठी दिवसाउजेडी मोकळे असावे लागते.

तीन वाजता दोनाकडे कॉफी असते. शनिवारी त्या पाँव दे केजू, म्हणजे चीजचे छोटे गोल पाव, करतात आणि त्याचे पीठ लाकडी ‘गामेला’त मळतात. हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मी त्यांना आमच्याकडचे घमेले सांगितले, मग पाव, चावी आणि बादलीही सांगितली. पोर्तुगीजांबरोबर हे शब्द आमच्या किनाऱ्यावर उतरले होते. ते पीठ कसाव्याच्या कंदाचे असते, आणि आपल्या उपवासाचा साबुदाणा त्याच कंदापासून होतो, हे मला त्या गामेलाशेजारी बसून कळले.

रविवारी मी त्यांच्या मुलाच्या शेतावर जाते. धारा काढून झाल्या की कच्च्या दुधात ते गोठवणारे रेनेट आणि ‘पिंगो’ घालतात. आदल्या दिवशीच्या मीठ लावलेल्या चीजमधून रात्रभर ठिबकलेले पाणी म्हणजे पिंगो. ते आपल्या विरजणासारखेच काम करते. त्यातले जिवाणू त्या त्या जागेचे असतात आणि कनास्त्रा चीजची चव त्यांनीच येते. मिनासची ही चीज करण्याची पारंपरिक रीत 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. गोठ्यात लोंबत्या कानांच्या, फुगीर कपाळाच्या गाई उभ्या असतात, कारण आपल्या सौराष्ट्रातली गीर जात येथे रुजून फार काळ लोटला आहे. मी पहिल्यांदा त्यांच्या कपाळावर हात ठेवला, तेव्हा मला भरून आले.

गेल्या महिन्यात एका रविवारी शेतावरचे पिंगो बिघडले. अशा वेळी ते शेजाऱ्याकडून मागून आणतात, जसे आपल्याकडे विरजण आणतात. दोनांच्या मुलाने धुतलेली बाटली माझ्या हातात दिली आणि ओढ्यापलीकडच्या गोठ्याकडे बोट दाखवले. तेथल्या बाईंनी मला पूर्वी पाहिलेले नव्हते. कोणाकडून आलीस, असे त्यांनी विचारले. दोनाच्या घरची, असे मी म्हणाले, तेव्हा त्यांनी आणखी काही न विचारता बाटली काठोकाठ भरून दिली.