पावसानंतर पाणपक्षी घटले आणि नोंद अडकली : माझा अनुभव

पाणपक्षी मोजण्यापेक्षा, मोजणीत कमी भरलेली संख्या मान्य करून घेणे कितीतरी अवघड असते. सर्वदूर पाऊस झाल्यानंतर आमच्या गटाने नेहमीच्या पाणथळ जागेवर गणना केली, तेव्हा तुतवार आणि चिखले हे काठच्या चिखलात चरणारे छोटे पक्षी जवळजवळ दिसलेच नाहीत व बदकेही विरळ होती. गणनेच्या अर्जात भरून पाठवलेली नोंद तपासणीत अडकली आणि शेरा आला : ‘संख्या संशयास्पद, पुन्हा मोजावे.’

पुन्हा मोजून पक्षी कुठून येणार? पाऊस सगळीकडे झाला की माळावरच्या आणि शेतांतल्या उथळ खळग्यांत पाणी साचते, त्यात किडे व अळ्या वाढतात आणि पक्षी तिकडे पांगतात. कायम पाण्याच्या तळ्याची पातळी मात्र चढते, चिखलाचा काठ बुडतो आणि आखूड पायांच्या पक्ष्यांना चरायला जागा उरत नाही. एका तळ्यावरची घट म्हणजे प्रदेशातली घट नव्हे. पूर्व ऑस्ट्रेलियात १९८३ पासून दरवर्षी विमानातून ठरावीक पट्ट्यांवर पाणपक्षी मोजतात, त्यामागे एकाच जागेवर विसंबता येत नाही हीच जाण आहे. मी हे सविस्तर लिहून पाठवले. उत्तरादाखल तोच शेरा परत आला. अर्जात पाण्याच्या पातळीसाठी रकानाच नव्हता आणि ‘इतर माहिती’ कोणी वाचत असावे असे वाटण्याजोगे काहीही घडले नाही. संतापाच्या भरात मी गणनाच सोडण्याच्या बेतात होतो.

अखेर एकाच ठिकाणावरून काढलेली, पावसाआधीची व नंतरची काठाची छायाचित्रे आणि त्याच सकाळी आसपासच्या खळग्यांवर केलेली मोजणी जोडली, तेव्हा नोंद एका शब्दाविना मान्य झाली. तेव्हा पहिल्याच फेरीला छायाचित्राची जागा ठरवून टाकावी. शोधूनही न दिसलेल्या पक्ष्यापुढे शून्य लिहावे. रिकामा रकाना ‘शोधलेच नाही’ असा वाचला जातो. मोठा थवा भागांत मोजून गुणला असेल, तर तो अंदाज असल्याचे नमूद करावे. आणि हो, खळगे आटू लागल्यावर पांगलेले पक्षी, विणीचा हंगाम साधला असेल तर नव्या पिलांसह, उरलेल्या पाण्यावर गोळा होतात. त्या वाढीवरही शंका घेतली जाते, म्हणून आटलेल्या खळग्यांची छायाचित्रेही आधीच काढून ठेवावीत.