आईच्या पिशव्या

आज रामबागेतल्या घरी आईची खोली आवरली. कपाटात साड्या कमी, कापडी पिशव्याच जास्त! जुन्या चादरींच्या, तिनेच शिवलेल्या. 2017 मध्ये इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्याच्याही आधीपासून ती दारोदार फिरून ओला-सुका कचरा वेगळा करायला सांगायची. आम्हा पोरांना लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. पण परीक्षेच्या दिवसांत पहाटे चारला आमच्यासोबत जागी तीच, आणि कचरागाडीचं गाणं वाजलं की बादली घेऊन खालीही तीच.

दुपारी शेजारच्या भाभी आल्या. "केले के छिलके पर आंटी ने क्या डांटा था मुझे!" रडता रडता दोघी हसलो.

पिशव्या गल्लीत वाटल्या. निळ्या फुलांची ठेवली. माझ्या दहावीच्या वेळची चादर आहे ती.