शंकेची पाल: जीभकृमींची नोंदवही, महिना तिसरा

मंडळी, घरातल्या पालींच्या फुप्फुसात राहणारे परजीवी, म्हणजे जीभकृमी, मी तपासतोय. मागच्या नोंदीत त्यांची जात मी छातीठोकपणे 'रेलिएटिएला फ्रेनाटा' अशी लिहून टाकली होती. ते खोडा, नुसतं प्रजातीचं (genus) नाव 'रेलिएटिएला' ठेवा.

परवा दाराच्या फटीत चिरडलेली तिसरी पाल मिळाली. (या कामासाठी एकही पाल मारलेली नाही, घरातली दारं पुरेशी आहेत.) हातमोजे घालून उघडली. पालीचं फुप्फुस म्हणजे पातळ फुगाच, आत काही असलं तर बाहेरूनच दिसतं. होता! पांढुरका, वळ्यावळ्यांचा, जेमतेम सेंटिमीटरभर. लगेच 70 टक्के अल्कोहोलमध्ये टाकला.

मग ग्लिसरीन आणि सूक्ष्मदर्शक. मध्ये तोंड, दोन्ही बाजूंना दोन-दोन आकडे (हुक). जुन्या अभ्यासकांना ही पाच तोंडं वाटली, म्हणून गटाचं नाव पेंटास्टोमिडा. तोंड एकच आहे. आणि हा कृमीही नाही, खेकडा-कोळंबीच्या गोतावळ्यातला आहे. माशांना चिकटणारी ऊ, आर्ग्युलस, ही याची जवळची भावकी.

मागच्या आकड्याचं माप घेतलं तर पहिल्या नमुन्यापेक्षा बरंच मोठं. दुसरी जात सापडली म्हणून दोन दिवस मी हवेत! मग पाल चुकचुकली, शंकेची. हा प्राणी कात टाकत वाढतो, त्याबरोबर आकडेही वाढतात. माझा पहिला नमुना निम्म्या लांबीचा होता.

ऑस्ट्रेलियात हाच घोळ झालेला. तिथे बाहेरून आलेल्या केन टोड या भेकाच्या आणि आपल्याच घरपालीच्या फुप्फुसांतल्या जीभकृमींचे आकडे मोजले, तर दोन जाती वाटत होत्या. शरीराच्या लांबीचा हिशेब धरल्यावर फरक उरला नाही. जनुकंही सारखीच निघाली, एकच जात, फ्रेनाटा. हे 2011 मध्ये छापून आलं, आणि मी मात्र अजून नुसते आकडे मोजत बसलोय.

तेव्हा यापुढे आकड्याच्या मापाशेजारी शरीराची लांबी लिहिणार. जातीसाठी नराचे मैथुन-काटे बघायला हवेत, पण माझ्याकडच्या तिन्ही माद्याच, अंड्यांनी गच्च भरलेल्या.

जाता जाता: या पालीच्या पोटात झुरळाची तंगडी होती. पालीच्या लेंडीतली अंडी झुरळाच्या पोटात, झुरळ पुन्हा पालीच्या पोटात, असा हा फेरा. पुढच्या महिन्यात ट्यूबलाइटखालच्या लेंड्या मिठाच्या पाण्यात कालवून अंडी तरंगतात का बघतो. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.