"ओळखीतलाच आहे हो"

"नव्या व्हॅनवाल्यांची पोलीस पडताळणी झालीये का?" आज कोथरूडला शाळेच्या फाटकाशी एका आईने विचारलं. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "अहो, ओळखीतलाच आहे हो."

दिवसभर तेच डोक्यात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात आरोपी बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, हे एनसीआरबीचे, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचे, आकडे वर्षानुवर्षं सांगतायत.

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आपल्याकडे २०१८ पासून आहे. ती फक्त पोलिसांना दिसते, आणि मला ते पटतं. नावं चव्हाट्यावर आली की जमावच न्याय करायला लागेल. पण मग शाळेनं पोलिसांकडे जायला नको? पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांत कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पडताळणी सक्तीची आहे.

तुमच्या मुलांच्या शाळेत पडताळणीचा कागद कुणी मागून पाहिलाय?